नोंद नसलेला बिघाड

बाबांनी सभागृहात एकतीस वर्षं माईक सांभाळले, पण स्वतः माईकवर 'हॅलो, एक, दोन, तीन' याच्या पुढे कधी गेले नाहीत. आता त्यांच्या शोकसभेत धाकट्या लेकीने चार मिनिटं बोलायचं ठरलं, तेव्हा दादा म्हणाला, "छोटे, तू राहू दे. मी बघतो."

त्याच्या आवाजातली माया तिला खुपली. असली माया तिने पूर्वीही पाहिली होती. दहा वर्षांची असताना याच मंचावर, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत, ती तिसऱ्या वाक्याला अडली आणि नेमका तेव्हाच माईक गेला. मशीन बिघडलं असं जाहीर झालं आणि तिला हाताला धरून खाली नेलं. त्यानंतर ती चार माणसांसमोर कधी म्हणून उभी राहिली नाही. प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांशी तिचं छान जमलं. नळ्या तोंडाकडे बघत बसत नाहीत.

पण बाबांचं कपाट आवरताना त्यांच्या बिघाडाच्या वह्या निघाल्या. माईक नुसता खरखरला तरी बाबा तारीख घालून लिहीत. वायर कुरतडणाऱ्या उंदराचीही नोंद होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक फ्यूज, पुढच्या आठवड्यात एक सैल पिन. त्या दिवशी मात्र काहीच नाही.

म्हणजे बटण बाबांनीच बंद केलं होतं. लेकीला वाचवायला, की लेकीची लाज वाटली म्हणून? विचारायला आता ते नव्हते.

तिने भाषणाचा वर्ग लावला. शिकवणाऱ्या बाई त्याच सभागृहात वर्षानुवर्षं निवेदन करायच्या. त्या सांगत ते साधंच होतं. दोन्ही पाय नीट टेकवा. बोलायच्या आधी एक श्वास सावकाश सोडा. पाठ करायचं ते फक्त पहिलं वाक्य. अडलात तर काहीबाही भरू नका, गप्प राहा, लोक थांबतात. बाकीच्यांना बाई सोलून काढत, तिच्या वाट्याला मात्र नुसतं 'छान, छान'. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर तिने विचारलंच, दादाने फोन केला होता का.

"केला होता," बाई म्हणाल्या. "सांभाळून घ्या म्हणाला."

"त्या स्पर्धेला तुम्ही होतात ना? माईक बाबांनीच बंद केला?"

खुर्च्या एकावर एक रचणारे बाईंचे हात थांबले. "हो. पण पुढचं तुला आठवत नाही वाटतं. माईक गेल्यावर तू आणखी दोन वाक्यं बोललीस. मी परीक्षक होते, पहिल्या रांगेत. तुझे बाबा मागे, माईकच्या काचेच्या खोलीत. त्यांना ऐकूच गेलं नाही."

"मला धीर यावा म्हणून सांगताय."

"असेल. मी शपथ घेतली तरी तुझी खात्री पटणार आहे का?" बाईंनी पुढची खुर्ची उचलली. "उद्यापासून 'छान' बंद."

शोकसभेला दादा पुढे बसला नाही. काचेच्या खोलीजवळची शेवटची खुर्ची त्याने धरली. मंचावर चढतानाच तिने ते पाहिलं.

पहिलं वाक्य नीट आलं. दुसरंही आलं. मग डोकं पाटीसारखं कोरं. काचेमागच्या नव्या माईकवाल्याने दादाकडे पाहिलं. दादाने मान डोलावली, आणि माईकवाल्याचा हात बटणाकडे गेला.

तिने तळवा वर केला. "चालू राहू दे."

हे भाषणात नव्हतं, पण ते अख्ख्या सभागृहाने ऐकलं. काहीजण वळून मागे बघू लागले. माईकवाल्याने हात मांडीवर ठेवला. ती गप्प उभी राहिली. कर्ण्यांतून तिचा श्वास ऐकू येत होता. कुणीतरी खोकलं. तिला खाली न्यायला कुणी आलं नाही.

तिसरं वाक्य आलंच नाही. तिने ते सोडलं आणि चौथं घेतलं. उरलेली तीन मिनिटं ती फार काही चांगली बोलली नाही. एकदा तर बाबांचं वयच चुकलं. मागे दादाने मान खाली घातली होती. लाज वाटून, की आणखी कशाने, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. ते बघायला ती थांबली नाही.