भटका संच

“चावी शेजारी दे नि चल माझ्यासंगं,” चंदामावशी दरवर्षीसारखी आईला विनवत होती. टोकावड्याच्या खाणावळीत तिच्या एकटीचे हात पुरत नव्हते आणि इकडे सापगावात आई एकटीच राहत होती. मी शनिवारची घरी आले होते, बसून ऐकत होते.

“कुलूप कसं लावू गो? ते आले नि दारातनं परत गेले तर?”

ते म्हणजे माझे बाबा. अकरा वर्षांपूर्वी कामासाठी सुरतेला गेले, ते गेलेच.

“आता कसले येतात, वंदनाताई?”

“दीप्तीनं गणितानं सिद्ध केलंय,” आई म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी हात जोडून बसस्टॉपकडे निघाली.

ही अक्कल मीच पाजळली होती. बाबा जाऊन सहा महिने झाले होते, मी एम.एस्सी.ला होते. आई तांदूळ निवडत होती. सुपातला एक दाणा दाखवून मी सांगितलं, की जागा मर्यादित असेल आणि फिरण्याचा नियम बदलला नाही, तर निघालेलं पुन्हा आपल्या जागेजवळ येतं. “येतंच?” आईने हात थांबवून विचारलं. मी ऐटीत म्हटलं, “येतंच.” केवढी हसली होती ती. ती दुपार अजून आठवते. पुढे कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं, पण तसं ऐकणारं कोणी भेटलं नाही.

आजही तिच्या पुढ्यात तांदळाचं सूप होतं. मी तिच्याजवळ सरकले. “आई, ते मर्यादित जागेचं होतं. माझ्या पीएचडीत जागेला अंतच नाय. तिथं काही संच निघाले की दर पावलाला नवीच जागा. मागच्या जागेवर पुन्हा येतच नाय. भटका संच म्हणतात त्याला.”

“कधीच नाय?”

“कधीच नाय. माझं चुकलं, आई. माणसाला गणित लावायला नको होतं.”

ती रडेल असं वाटलं होतं. तिने सूप बाजूला ठेवलं.

“मला दुसऱ्याच वर्षी कळलं व्हतं.”

“मग गेली का नाय मावशीकडं?”

“तू सुट्टीला यायचीस, तर पिशवी ठेवायच्या आधी दांडीवर बघायचीस, बाबांचा शर्ट हाय का. आजपण बघितलंस. तुझी वाट बघून झाली असंल तर मी उद्या जाते.”

‘झाली’ एवढंच म्हणायचं होतं. ते काही केल्या तोंडातून निघेना. चौतीस वर्षांची मी, तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले.

“बरं,” आई माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “ऱ्हाते अजून येक वरीस.”