दारू एकदा पडली की दोनदा

आमच्या गॅरेजमध्ये एकच धर्म आहे: काडतुसं भरणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही. घराला आग लागली तरी आधी त्याचा हात थांबू द्यायचा. माझा दीर मर्ल याला हे चांगलं ठाऊक आहे. तरी शुक्रवारी दुपारी तो एल्क हरणाच्या मांसाचं सॉसेज घेऊन आला आणि दारातूनच त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

मी माझ्या लेकीसाठी, टेसासाठी, पिस्तुलाची काडतुसं भरत होते. शनिवारी बॉइसीला राज्याची नेमबाजीची निवड स्पर्धा होती आणि दुकानात तिच्या मापाचं एकही काडतूस मिळत नव्हतं. मी मान वर करून मर्लला दटावलं, पण मेला हात यंत्राच्या दांड्यावर चालतच राहिला. खाली पाहिलं तोवर तयार काडतूस डब्यात पडून इतरांत मिसळलं होतं. त्याच्या पुंगळीत दारू एकदा पडली की दोनदा, देव जाणे. दुप्पट दारू म्हणजे पिस्तूल हातातच फुटायचं.

डब्यातली सगळी फोडायची, असं मी टेसाला बोलावून सांगितलं. तिचा चेहराच उतरला.

"वहिनी, वजन करून बघ ना," मर्ल म्हणाला. "जड लागेल ते टाकून दे."

"पुंगळ्या दहा जागच्या आहेत. त्यांच्याच वजनात दारूपेक्षा जास्त फरक असतो."

"मग चार-दोन फोडून बघ."

"शितावरून भाताची परीक्षा होते, मर्ल. याची नाही."

"आई, वर्षभर घासलंय मी," टेसा म्हणाली. "एका काडतुसापायी सगळं पाण्यात घालणार?"

"हो," मी म्हणाले, आणि घरात हातोडा शोधायला गेले.

आमचा हातोडा पोकळ असतो. काडतूस त्यात अडकवून ठोकलं की गोळी पुंगळीतून निखळते आणि दारू आत सांडते. मी एकेक फोडत गेले. प्रत्येकातून तेवढीच चिमूटभर दारू निघाली. डब्याचा तळ लागला. मर्ल गालात हसला. मला रडूच आलं. पोरीचं वर्ष मी उगाच मातीत घातलं होतं.

टेसा मात्र हसली नाही. ती बाहेर गाडीकडे गेली आणि पिस्तुलाचं भरलेलं मॅगझिन आणून माझ्यापुढे ठेवलं.

"तू हातोडा शोधत होतीस तेव्हा डब्यातून घेतली," ती म्हणाली. "बाकीची तिथे कुणाकडून तरी मागणार होते."

मी हातोडा तिच्या हातात दिला.

पहिली दोन नेहमीसारखी निघाली. तिसऱ्यातली दारू तिने कागदावर ओतली, तर ढीग नेहमीच्या दुप्पट झाला. मर्ल वाकून बघत होता, तो तसाच मागे सरकला.

टेसाने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग चौथं काडतूस हातोड्यात अडकवलं. ते शेवटचं फुटेपर्यंत मर्ल एक शब्द बोलला नाही.