आठवा टी-शर्ट

ठशातल्या स्टिअरिंगचा व्यास सात सेंटिमीटर. आरे तीन, प्रत्येक दोन मिलिमीटर जाडीचा. एकही आरा फिसकटलेला नाही. मधोमध दोनचा आकडा, उलटा उमटलेला. आणि हा सगळा ठसा टी-शर्टच्या पाठीवर आहे, जिथं मी काहीच छापलं नव्हतं.

हिंगोलीच्या आमच्या मोटार क्लबात सात गाड्या होत्या: चार जीप, दोन अँबेसेडर, एक फियाट. माझा थोरला भाऊ भिवाजी क्लबाचा सेक्रेटरी. त्याच्या जीपचा आकडा दोन. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर डोंगरकडा गावापर्यंत शर्यत लावायचं ठरलं आणि टी-शर्टचं काम माझ्याकडं आलं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, आणि रेशमी जाळीच्या स्क्रीननं छापणं मला येत होतं.

कोंडीबाला छातीवर वाघ हवा होता. फियाट त्याची.

"तुझी फियाट चढावर ढकलावी लागते, अन् तू वाघ मागून राहिला," भिवाजी म्हणाला.

शेवटी स्टिअरिंग ठरलं, आणि त्यात ज्याचा त्याचा आकडा. मी मात्र आठ छापले. आठव्यात आकड्याच्या जागी पाना होता. तो संतराम मिस्त्रीसाठी. सातही इंजिनं त्याच्या हातानं चालत होती. मी कुणाला विचारलं नाही. शाई जाळीत सुकत होती म्हणून तिच्यात जवसाचं तेल जास्त घातलं आणि बजावून सांगितलं, दोन दिवस कुणी घालू नका. सगळ्यांनी त्याच दुपारी घातले. संतरामनंही.

पुढचं मला त्याच्या बायकोनं, सुमनबाईनं सांगितलं. ते घडलं तेव्हा ती गॅरेजच्या दारात डबा घेऊन उभी होती.

"कोंडीबादादा म्हणले, 'मालकाची गंजी तू काहून घालून राहिला?' हे म्हणले, 'ताईनं दिली.' 'काढ.' हे म्हणले, 'चाक बसवतो, मग काढतो.' तेवढ्यावर जॅकचा दांडा कानशिलात घातला. हे पडले. उठले, तर गुडघ्यावर घातला. मग भिवाजीदादानं मागून कवळ घालून उभं धरलं. क्लबातल्या तिसऱ्या एकानं यांचा उजवा हात बॉनेटवर दाबला. अन् कोंडीबादादानं बोटं फोडली, ताई. एकेक करून. चौथ्याला यांचं वरडणं थांबलं. पाचवं तरी फोडलंच."

पोलिसांत तिघांनी एकच सांगितलं: जीप जॅकवरून घसरली, हात खाली सापडला, भिवाजीनं ओढून काढला. सुमनबाईचं म्हणणं कुणी लिहून घेतलं नाही. नांदेडला डॉक्टरांनी संतरामची तीन बोटं कापली. तिनं तो टी-शर्ट माझ्यासमोर ठेवला. पुढून रक्तानं कडक झालेला, मागून निळा ठसा.

"तुमी छापला. तुमीच बघा."

मी बघितलं. ओढताना कापड कापडावर घासतं आणि ओली शाई पसरते. मी त्याच शाईनं जुन्या कापडांवर सात वेळा करून पाहिलं. सातही वेळा आरे फिसकटले. आठव्यांदा दोन कापडं घट्ट दाबून धरली, जराही हलू न देता. तेव्हा आरे स्वच्छ उमटले.

टी-शर्ट मी प्रयोगशाळेच्या कपाटात, बरण्यांच्या मागं ठेवला. अकरा दिवस. रोज सकाळी उद्या सांगू म्हणायचे. बी.एस्सी.च्या परीक्षेला भिवाजीनंच मला भर उन्हात सायकलवर डबल सीट नेलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी फौजदार आमच्या घरी आले, कागद पुरे करायला ओसरीवर बसले. मी आत चहा ठेवला. भिवाजी आत आला आणि दार लोटलं.

"सुमनीनं तुला काही दिलं?"

मी चहात साखर टाकली.

"कुठं हाय ते?"

त्यानं माझं मनगट पिरगळलं. कोपऱ्यात स्क्रीनची सागवानी चौकट होती. ती उचलून त्यानं माझ्या कोपरावर मारली. चौकट मोडली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा आणखी काहीतरी मोडलं. तो आवाज लाकडाचा नव्हता. चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला.

"अजून दाबून धरू का?" मनगट न सोडता तो कानाशी म्हणाला. "जाळून टाक म्हणलं, तर जाळायचं."

दाबून धरू. माझ्या आठव्या प्रयोगातला हाच शब्द त्याच्या तोंडी यावा, हे मला फार विचित्र वाटलं. त्यानं मनगट सोडलं तशी मी डाव्या हातानं दार उघडलं आणि ओसरीवर गेले. उजवा हात नुसता लोंबत होता.

फौजदारांनी कागदावरून मान वर केली. "काय झालं, बाई?"

मागून भिवाजी म्हणाला, "पडली. वेंधळीच हाय ती."

"जीप घसरली नाही," मी म्हणाले. "संतरामला माझ्या भावानं मागून धरलं होतं, बोटं फोडून होईपर्यंत. त्याच्या छातीचा ठसा माझ्याकडं आहे. तो मी आज देणार आहे, आणि कोर्टात हेच सांगणार आहे."