धुतलेला फिल्टर

उल्हास बोरकुट्यांना कॅनडात येऊन पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत त्यांच्या वाट्याला म्हणावं असं एकच काम आलं होतं: बेसमेंटमधल्या फर्नेसचा फिल्टर. माणूस नागपूरचा, वीज मंडळातून फोरमन म्हणून रिटायर झालेला. तिथे कॉलनीत कुणाचा पंखा अडला तरी लोक त्यांना जेवणावरून उठवून न्यायचे. इथे ग्वेल्फमध्ये लेकीच्या घरी काय? बर्फ शोव्हल करायला निघाले की नीरजा म्हणायची, "बाबा, घसराल." भांड्यांना मशीन. ग्रोसरीला गाडी लागते, आणि गाडीची किल्ली कुणी हातात देत नाही. बसा खिडकीत आणि बघा समोरच्याचे विंटर टायर, दुसरं काय!

घर दोन बिऱ्हाडांचं होतं. वर नीरजा आणि जावई परीक्षित, आणि त्यांच्याकडे आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर आलेले उल्हासराव-शीलाबाई. खाली एरिक आणि मिशेल, वसईची पोरं, आणि त्यांची तीन महिन्यांची केझिया. फर्नेस मात्र दोघांत मिळून एकच. तिची गरम हवा पत्र्याच्या नळकांड्यांतून दोन्ही घरांत खेळायची. घरमालक अरविंद सहस्रबुद्धे तीस वर्षांपूर्वी ठाण्याहून आलेला, भारी शिस्तीचा गृहस्थ. त्याने भाडेकरारात स्वच्छ लिहून घेतलं होतं: वर्षाची सर्व्हिसिंग मालक करेल, दर महिन्याला फिल्टर भाडेकरूंनी बदलायचा. एक महिना वरच्यांनी, एक महिना खालच्यांनी. बदलला की फर्नेसच्या खोलीच्या दारावरच्या तक्त्यात सही. नव्या फिल्टरांचा खोका तोच आणून द्यायचा.

वरच्यांची पाळी उल्हासरावांनी आल्या आल्या मागून घेतली. पुढे खालच्यांचीही घेतली. एरिक गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात दुपारपाळी करायचा. त्यात घरात तान्हं मूल, पोराचे डोळे कायम तांबारलेले. "तू झोप रे बापा, मी आहे ना," उल्हासराव म्हणाले. तेव्हापासून फिल्टर काका बघायचे आणि खालच्यांच्या महिन्यात तक्त्यावर सही तेवढी एरिक ठोकायचा.

आता गंमत ऐका. हा फिल्टर म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतला चुण्याचुण्यांचा कागदी पडदा. महिन्याभरात धुळीने करडा झाला की तो फेकून द्यायचा आणि नवा लावायचा. फेकून द्यायचा! ज्या माणसाने तीस उन्हाळे कूलरच्या जाळ्या अंगणातल्या नळाखाली धरून धुतल्या, एसीचा फिल्टर जुन्या टूथब्रशने घासून उन्हात वाळवला, तो एवढी धडधाकट वस्तू कचऱ्यात टाकणार होय? त्यांनी ऑक्टोबरात तो लॉन्ड्रीच्या सिंकमध्ये साबणाच्या पाण्यात बुडवला, चोळला, रात्रभर वाळवला आणि सकाळी परत बसवून टाकला. नोव्हेंबरात तेच. डिसेंबरात तेच. जानेवारीतही तेच. नवे कोरे फिल्टर खोक्यात जसेच्या तसे. "तुम्ही तर कॅनडालाही काटकसर शिकवाल," शीलाबाई म्हणाल्या, आणि उल्हासरावांना ते कौतुकच वाटलं.

२०१८च्या जानेवारीत, बाहेर उणे बावीस असताना, एका गुरुवारी सकाळी फर्नेस बंद पडली.

नीरजा आणि परीक्षित सातलाच ऑफिसला निघून गेले होते. नऊ वाजेपर्यंत घरात चौदा डिग्री. मिशेल केझियाला दोन ब्लँकेटांत गुंडाळून वर आली, मागोमाग एरिक. घरात विजेचा हीटर एकच होता, त्याच्याभोवती सगळे जमले.

"काका, हिचं नाक बघा किती गार पडलंय," मिशेल म्हणाली. उल्हासरावांनी एक बोट टेकवून पाहिलं आणि हीटर तिच्याकडे सरकवला.

एरिकने अरविंदरावांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं. "टेक्निशियनला घेऊन अकराला येतोच. पण एरिक, ऐकून ठेव. फर्नेसला टायर टेकवून ठेवले होतेस तेव्हा तुला एकदा लेखी ताकीद दिलीय. आता यातही तुझीच हलगर्जी निघाली, तर मार्चपासून दुसरी जागा बघ."

मिशेलने पोरीला छातीशी घट्ट धरलं. भर हिवाळ्यात तान्हं मूल घेऊन जागा शोधत फिरायचं, या विचारानेच तिचा चेहरा उतरला होता. एरिकने फोन खिशात टाकला.

"मी जरा बघून येतो," म्हणत उल्हासराव खाली गेले. फर्नेसच्या काचेआड एक लाल दिवा मिचमिचत होता. त्यांनी फिल्टर ओढून काढला आणि दिव्यासमोर धरला. पलीकडून उजेडाचा ठिपकाही येईना. चार वेळा धुऊन धुऊन कागदाचा लगदा झाला होता, चुण्या एकमेकींना चिकटल्या होत्या, पुठ्ठा फुगून वाकडा झाला होता. फोरमनच तो, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हवाच आत जात नाही म्हटल्यावर मशीन तापणार नाही तर काय करणार? चौकटीच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती त्यांनी आज पहिल्यांदा चष्मा लावून वाचली. धुऊ नये, असं सरळ लिहिलेलं होतं.

"अरे देवा," ते म्हणाले.

शीलाबाई पाठोपाठ आल्याच होत्या. त्यांनी फिल्टर पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि काय ते ओळखलं. "अहो, खोक्यात नवे आहेत ना? घाला एक आणि हा लपवा कुठेतरी. कोण विचारतंय!"

"तक्त्यावर जानेवारीची सही एरिकची आहे, शीला."

"मग तो सांगेल त्याचं तो. आपल्या नीरजाचा विचार करा. मालकासमोर तिला मान खाली घालायला लावता काय या वयात?"

बाई काही दुष्ट नव्हती. लेकीसाठी जीव तुटत होता म्हणून बोलली. उल्हासरावांनी खरंच एक नवा फिल्टर खोक्यातून काढला. प्लॅस्टिक फाडलं. तेवढ्यात जिन्यावर बुटांचा धाडधाड आवाज आला आणि त्यांची अशी काही तारांबळ उडाली की त्यांनी जुनाच फिल्टर होता तिथे कोंबला आणि नवा खोक्यात टाकून दिला. चोरी करायलाही अक्कल लागते, ती या माणसाला जन्मात आली नव्हती.

आधी अरविंदराव आले, मग अवजारांची पेटी घेऊन ब्रायन नावाचा टेक्निशियन, मग एरिक. मिशेल पोरीला घेऊन दाराशी उभी राहिली. ब्रायनने झाकण उघडलं, फिल्टर ओढला आणि लांबूनच सगळ्यांना दाखवला. हे काय केलंय आणि कुणी केलंय, असं त्याने विचारलं.

अरविंदरावांनी दारावरच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. "जानेवारी. एरिक, ही सही तुझीच ना?"

एरिकने एकदा उल्हासरावांकडे पाहिलं. "हो. माझीच आहे."

बस, एवढंच. उल्हासराव वाट बघत राहिले. आता सांगेल, की सही माझी असली तरी हात काकांचा होता. पण पोरगा खाली मान घालून गप्प उभा. मिशेलच्या डोळ्यांत पाणी आलं, तीही गप्प. अहो, घरावर बेतलंय आणि बोलत नाहीत! उल्हासरावांना एरिकचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि दोन्ही एकदम इतकं वाटलं की तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले.

"मी धुतला. त्याचा काही संबंध नाही. सही त्याची, पण फिल्टर मी धुतला." ब्रायनलाही कळावं म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवून पुन्हा सांगितलं, "आय वॉश. विथ सोप. फोर टाइम्स."

शीलाबाईंनी कपाळाला हात लावला. अरविंदराव आ वासून बघत राहिले. "उल्हासराव, तुम्ही? धुतला?"

"धुतला. चूक माझी आहे. जे काय म्हणायचं ते मला म्हणा, या पोरांना जागा सोडायला लावू नका."

ब्रायनचं लक्ष मात्र फर्नेसकडे होतं. फर्नेस पुन्हा पुन्हा जास्त तापलेली दिसत होती. आतला पत्र्याचा कप्पा तडकला असेल, तर त्यातून विषारी वायू घरात येऊ शकतो. तसं निघालं, तर आजच लाल चिठ्ठी लावून ती बंद करावी लागेल आणि नवी बसेपर्यंत आठवडा तरी जाईल, असं त्याने सांगितलं. मग तो आडवा झाला आणि आरशाची दांडी आत घालून बघायला लागला.

ती वीस मिनिटं उल्हासरावांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. केझिया एकदा शिंकली, तेव्हा तर त्यांना वाटलं, आपणच उणे बावीसमध्ये जाऊन उभं राहावं. नागपूरचे सगळे देव त्यांनी आठवून झाले. मिशेल तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती, तेव्हा तिकडूनही कुणीतरी लक्ष घालत असणार.

ब्रायन उठला, हात पुसले. तडा नव्हता. एकही नव्हता. मशीन जास्त तापलं की ते आपोआप बंद करणारं एक बटण आत असतं, त्याने आपलं काम चोख केलं होतं. त्याने नवा फिल्टर घातला, स्विच दाबला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आत भक् करून निळी ज्योत पेटली, पंखा घरघरला, आणि डोक्यावरच्या नळकांड्यांचा पत्रा कडकड वाजायला लागला. "झालं बापा, झालं!" उल्हासराव ओरडलेच. मिशेल हसायला आणि रडायला एकदमच लागली.

ब्रायनचं अजून संपलेलं नव्हतं. फर्नेसच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर त्याने बोटाने टकटक केलं. शेवटची सर्व्हिसिंग सव्वादोन वर्षांपूर्वीची होती. मध्ये एकदा जरी बोलावलं असतं, तर हा फिल्टर त्याच्या नजरेतून सुटला नसता, असं तो अरविंदरावांना म्हणाला आणि पेटी उचलून चालू लागला.

अरविंदरावांचा शिस्तीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी घसा खाकरला, तक्ता उगाचच सरळ केला. "हे... माझंही राहूनच गेलं," ते म्हणाले. "एरिक, ते जागेचं डोक्यातून काढून टाक. आणि उल्हासराव, कृपा करून धुऊ नका. बदला. दर महिन्याला तुम्हीच बदला, पण बदला."

सगळे वर गेले. उल्हासरावांनी जिन्यात एरिकचा दंड धरला. "तू बोलला काहून नाही रे? माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं."

"मग? घर गेलं असतं ना, येड्या!"

एरिकने मान खाजवली. "घर शोधलं असतं काका, कुठेतरी मिळालंच असतं. पण त्यांनी हे काम तुमच्याकडून काढून घेतलं असतं तर? फिल्टरच्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून खाली येता. मी आणि मिशेल दर वेळी बघतो ना."

"गाढवा," उल्हासराव म्हणाले. ते तिथेच पायरीवर बसले आणि पाच महिन्यांचं साठलेलं सगळं रडून मोकळे झाले. हलकं वाटलं, फार हलकं वाटलं. एरिक शेजारी बसून राहिला.

वरून शीलाबाईंचा आवाज आला, "अहो, काय झालं? पुन्हा बंद पडली का?"

"नाही काकू," एरिक म्हणाला, "चालू आहे."