कोडोलीचा जुना रूट

कृष्णातच्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं अवंतिका.

राजारामपुरीतल्या त्या छोट्या इंटरनेट कंपनीत कृष्णात पहिल्या दिवसापासूनचा. टॉवरवर चढला तो, गगनबावड्याच्या धुक्यात केबल ओढली त्यानं, आणि जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स टाकून राउटर उभे केले तेही त्यानंच. कुठल्या गावाचा डेटा कुठल्या वाटेनं न्यायचा, ते प्रत्येक राउटरवर तो हातानं लिहायचा. या वाटांना रूट म्हणतात. नवं गाव जोडलं की सगळ्या राउटरवर जाऊन ओळी घालत बसायचं. मालक विजयसिंह आल्यागेल्याला सांगायचे, "ह्यो आमचा कृष्णात. सगळा जिल्हा ह्याच्या डोक्यात हाय!" मग कृष्णातचे पाय दोन दिवस जमिनीला लागत नसत.

त्यात पुण्याची नोकरी सोडून ही अवंतिका आली. मंगळवार पेठेतल्या मास्तरांची लेक. आल्या आल्या म्हणाली, "हे हातानं कशाला लिहायचं? राउटर आपापल्या वाटा एकमेकांना सांगतील की." आणि खरंच तिनं राउटरांना बोलायला लावलं. एकाला कळलं की सगळ्यांना कळायचं, एखादी लिंक तुटली तर तेच दुसरी वाट धरायचे. मालक खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि तिच्यासाठी चहा मागवला. कृष्णात आजवर आपला चहा खाली टपरीवर जाऊन पीत आला होता.

तिचं सगळंच त्याला डाचायला लागलं. तिचं न बघता टाइप करणं, अडलं की मोठ्यानं हसणं, मालकांशी बरोबरीनं बोलणं. आपण वर्षानुवर्षं घासलं आणि ही आयत्या बिळावर नागोबा, असं तो घरी जेवताना रोज म्हणायचा. त्यात गडहिंग्लजला नवं ऑफिस निघायचं होतं आणि तिथला इनचार्ज मालक याच आठवड्यात नेमणार होते. ते आपल्यालाच मिळणार, असं कृष्णात गावभर सांगून बसला होता. बायकोनं तिथली शाळासुद्धा बघून ठेवली होती. आता मालकांच्या तोंडी उठता बसता अवंतिका.

त्या दिवशी दुपारी एकच काम उरलं होतं. गगनबावड्याच्या राउटरच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या लिनक्सच्या गाभ्यात, कृष्णातनं पूर्वी हातानं घातलेले रूट होते. ते आता बाकीच्या सगळ्या राउटरांना कळवायचे होते. अवंतिकानं स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

"कृष्णातदादा, हे सगळे चालू आहेत ना? एखादा जुना, बंद पडलेला असला तर सांगा. एकदा पसरला की सगळीकडे जाईल."

कृष्णातनं पाहिलं आणि त्याला तो दिसला. कोडोलीचा रूट. गेल्या पावसाळ्यात मुख्य लिंक बंद पडली तेव्हा आपल्या गावासाठी त्यानं डोंगरावरच्या एका जुन्या टॉवरवरून आडवाट काढली होती. पुढं तो टॉवर उतरवला, रूट तसाच राहिला. गगनबावड्यातून कोडोलीला कुणाचं काम पडत नसे, म्हणून तो कुणाला नडला नाही. पण तो नेमका कोडोलीपुरता लिहिलेला होता, आणि राउटर मोघम वाटेपेक्षा नेमकी वाट खरी मानतो. हा पसरला तर सगळ्यांकडून कोडोलीला निघालेला डेटा त्या नसलेल्या टॉवरकडे जाणार.

एक शब्द पुरे होता. तो शब्द त्याच्या जिभेवर आलाही. पण तेवढ्यात मालक आतून ओरडले, "झालं काय गं, अवंतिका?" आणि तो शब्द त्यानं गिळला.

"चालू हायत की सगळे," तो म्हणाला. "बिनघोर चालव."

तिनं चालवलं.

संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला फोन सुरू झाले. कोडोलीतल्या दूध संस्थेचं नेट ठप्प, वजनाची नोंद होईना, माणसं रांगेत खोळंबलेली. कृष्णातच्या फोनवर त्याची आई, धोंडुबाई.

"आरं, क्यान घिऊन कवाधरनं हुबी हाय मी. त्या तुमच्या नव्या पोरीनं घाण केली का रं? तू बघत हुतास तवा असं कदी झालं न्हाय."

हेच ऐकायला त्याचा जीव तरसला होता. ऐकलं, आणि क्षणभर बरंही वाटलं. मग रांगेत उभी असलेली म्हातारी डोळ्यापुढं आली आणि त्यानं गप्पकन फोन ठेवला.

मालक तणतणत बाहेर आले. "काय चाललंय काय? कुणी केलं ह्ये?"

अवंतिकाला तोवर तो रूट सापडला होता. तिनं वळून कृष्णातकडे पाहिलं.

"मी केलं," ती म्हणाली. "वाट चालू आहे का ते तपासलं नाही आणि पसरवली. चूक माझी. काढलीये, आता येईल नेट."

नेट आलं. मालकांचा राग मात्र गेला नाही. "गडहिंग्लजला कृष्णातच जाईल," ते दारातूनच म्हणाले. "तिथं असला खेळ नको मला." आणि गाडी काढून निघून गेले.

एवढा मोठा आनंद, आणि कृष्णातला साधं हसू फुटेना. अवंतिका पर्स आवरत होती. तिचे डोळे लाल होते.

"माझं नाव का न्हाय सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तुमचं कशाला? एवढ्या रूटांतला एक विसरला असाल तुम्ही. तपासायचं काम माझंच होतं." तिनं नाक पुसलं. "वाईट वाटतंय, नाही असं नाही. घरी जाऊन रडणार आहे मी मनसोक्त. पण उद्या फिल्टर घालायचाय, चुकीची वाट पुढं जाऊच नये म्हणून. माझ्याजवळ बसाल का? कुठला रूट खरा, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही."

विसरला असाल! तिच्या मनाला दुसरी शंका शिवलीसुद्धा नव्हती.

"बसतो की," कृष्णात म्हणाला.

ती जिना उतरून गेली. गडहिंग्लज त्याचं झालं होतं, आणि तरी तो जळतच होता. इतके दिवस तिच्या हातातल्या विद्येवर जळत होता. आज ती घरी जाऊन रडेल आणि रडून झाल्यावर शांत झोपेल, यावर जळत होता.