परकं बाळसं

"हौसे, या पोरीचा तोंड कुणासारखा गो?" पाळण्यावर वाकलेल्या शेजारच्या इंदुबाईने विचारलं आणि उत्तर यायच्या आत ती दोन पावलं मागे सरली.

हौसाने पदराखाली हात लपवले. "बाळसं धरलंय. दुसरा काय?"

"बाळसं असा नसतंय बाय."

नसतंय, हे हौसालाही दिसत होतं. तिची पाच महिन्यांची नात किमया फुगली होती. गाल एवढे वर आले होते की डोळ्यांच्या नुसत्या चिरा उरल्या होत्या, आणि कपाळावर, गालांवर काळी बारीक लव उगवली होती. हातपाय मात्र काटक्याच. दोन महिन्यांपूर्वीची तिच्या लेकाच्या, निकेशच्या नाकाची पोर कुठे गेली होती कोण जाणे. ही रडतही नसे. दुपारी मिठागराची चकाकी खिडकीतून छपरावर हलायची, तिच्याकडे ती पडल्यापडल्या बघत राही.

"सूर्य माथ्यावर असताना बाहेर ठेवली असशील," इंदुबाई हळूच म्हणाली. "मीठ धरायच्या वक्ताला."

पेणच्या खाडीकाठच्या या गावात ते सगळ्यांनाच माहीत. भर दुपारी वारा पडतो, वाफ्यातल्या पाण्यावर पांढरी साय धरते, त्या घटकेला तान्हं मूल बांधावर ठेवायचं नाही. मीठ त्याचं तोंड घेतं आणि दुसरं लावून देतं. हौसाची आई वाफ्यावर फळी ओढताना गायची,

*मिठाच्या गं आगरात दुपारी नाही वारा*
*तान्ह्याचा गं मुखडा कोणी नेला परभारा*

गाणं हौसाकडे आईकडूनच आलं होतं. हौसा गावची धवलारीण, लग्नाची गाणी गाणारी. लग्नात ब्राह्मणाच्या आधी तिचा मान. तिने धवले गायचे, तिने नवरीला पहिली हळद लावायची. पण चार वर्षांपूर्वी तिच्या तळव्यांवर तांबडे चट्टे उठले, त्यांवर पांढरे पापुद्रे धरले, आणि हात झटकला की जमिनीवर कोंडा पडू लागला. सोरायसिस, असं एका डॉक्टरने कधीतरी सांगितलं होतं. नाव घेऊन ती घरी आली, औषध तिथेच राहिलं. गेल्या मार्गशीर्षातल्या एका लग्नात नवरीच्या मावशीने हळदीचं ताट तिच्यापुढून उचललं.

"तू नुसती गा हौसाबाय. तुझा गळा गोड."

दुसऱ्या दिवशी हौसाने बाजारातल्या औषधाच्या दुकानात हात दाखवून मलम आणलं. रात्री जाड थापलं, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. आठ दिवसांत तळवे नवरीसारखे! तिने लावणं थांबवलं, तर चट्टे दुप्पट उठले. मग एकामागून एक नळ्या आल्या. दर हळदीआधी पिशव्या बांधायच्या. कातडी इतकी पातळ झाली की भांड्याच्या काठानेही चिरायची.

पण आता तिला भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

भगताला आणायचं इंदुबाई सांगून गेली. हौसाला आतून बरंच वाटलं. मिठाने तोंड नेलं असेल, तर माणसाकडे कुणी बोट दाखवत नाही.

सून नमिताने मात्र पोरीला दुपट्यात गुंडाळलं. "भगत नाय नि बिगत नाय. ह्यांची शिफ्ट तीनला सुटतेय. ह्यांच्या कंपनीजवळ रोह्याला डॉक्टरीणबाय हायेत, त्यांना दाखवू. आई, तुम्ही चला. पोर तुमच्याच हातात असतेय दिवसभर, त्या विचारतील ते तुम्हालाच ठाऊक."

गाडीत हौसाने पोरीकडे बघितलं नाही. नमिताच्या खांद्यावरून ते गोल तोंड तिच्याकडेच बघत होतं.

निकेश कंपनीच्या कपड्यांतच दवाखान्यात आला. डॉक्टर मृणाली त्याच्याहून लहान दिसत होत्या. त्यांनी पोरीचं पोट चाचपलं, मांड्या बघितल्या, लवेवरून बोट फिरवलं. चेहरा गंभीर झाला.

"हिला काय काय लावता?"

"खोबरेल," नमिता म्हणाली. "आई चोळतात. आमच्याकडे म्हणतात, बाहेरचा काय तरी असेल."

"आणखी काही? पावडर, क्रीम?"

"नाय."

पंखा फिरत होता. हौसाला वाटलं, आता गप्प बसलं की झालं. मिठाचं नाव पुढे आहेच. तिने पोरीकडे बघितलं. त्या दोन चिरांच्या आत, खूप खोल, कुणीतरी ओळखीचं होतं आणि ते वर यायला धडपडत होतं.

हौसाने कनवटीला हात घातला आणि चेपलेली नळी टेबलावर ठेवली.

"हा."

नमिताची मान वळली.

"हिच्या मांडीत तांबडा उठला होता," हौसा टेबलाशीच बोलली. "मला वाटला, माझा रोग लागला हिला. पोरीची जात. उद्या हिच्या हळदीच्या ताटाला कोण हात लावल? एकदा लावला, दोन दिसांत गेला. मग आंघोळीनंतर रोज लावत आले. तेलात घोळून. परत उठू नये म्हणून."

"किती दिवस?"

"दोन महिने झाले."

डॉक्टरांनी नळी वाचली. आवाज मात्र चढवला नाही. "आजी, हा रोग शिवून लागत नाही. तिच्या मांडीत होती ती लंगोटाच्या ओलीची लाली. दोन दिवस उघडी ठेवली असती तरी गेली असती."

हौसाने डोळे मिटले.

"हे स्टिरॉइडचं, फार जोराचं औषध. बाळाच्या अंगात मुरलंय, त्याने सूज आलीय. घरी काही लावू नका, पण एकदम तोडूनही चालत नाही. अंगाला सवय लागली की पोर गळून जाते. चिठ्ठी देते, आजच मोठ्या हॉस्पिटलला न्या. तिथे तिला मोजून औषध देतील आणि हळूहळू कमी करतील. निघेल यातून. वेळ लागेल."

मग त्यांनी हौसाचे हात उलटेपालटे केले. तिचे हात कुणी असे धरून कित्येक दिवस झाले होते. दुसऱ्या, सौम्य मलमाची बारीक रेघ त्यांनी तिच्या तर्जनीच्या टोकावर ओढली, पहिल्या पेरापर्यंत. "दोन तळव्यांना एवढं बास. रात्री, फक्त चट्ट्यांवर, मी लिहिते तेवढेच दिवस. मग टप्प्याटप्प्याने कमी. पिशवी बांधायची नाही, सुती मोजे घाला. सकाळी साबणाने हात धुवायचे, त्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. दिवसा साधं व्हॅसलीन."

बाहेर येताना नमिताने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. हौसाच्या बाजूला आता नुसती पाठ होती.

पावसाळा गेला. भरतीचं पाणी उतरताना बांध हळूहळू दिसू लागतो, तसं पोरीचं तोंड वर आलं. आधी डोळे, मग हनुवटी, मग निकेशचं बसकं नाक. लव झडली. तेल आता नमिता चोळत असे. हौसा उंबऱ्याशी मांडीवर हात ठेवून बसायची. चट्टे होते, पण कमी, आणि आता ती ते झाकत नव्हती. दिवाळीनंतरच्या पहिल्या लग्नात तिने स्वतःच ताट दुसरीच्या हाती दिलं आणि गायली.

एका दुपारी वारा पडला. छपरावर चकाकी हलू लागली. नमिता तांदूळ निवडत होती. हौसा सवयीने गुणगुणली आणि 'कोणी नेला' पाशी अडकली. कोणी, ते तिला ठाऊक होतं.

किमया रांगत आली. हौसाचं लुगडं धरून मांडीवर चढली.

हौसाने दोन्ही हात झटकन वर केले, डोक्याच्याही वर. पोर तिच्या छातीला टेकली, गरम, जड. उन्हाच्या तिरिपेत तळव्यांवरून पांढरा कोंडा तरंगत खाली येत होता आणि पोर तो धरायला मूठ उघडत होती.

"धुतलेत गो," हौसा म्हणाली. "सकाळीच."

सुपाचा आवाज थांबला. नमिताने वर बघितलं.

"गाणं का थांबवलं?" ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात बघू लागली.

हौसाने गाणं उचललं. हात वरच होते.