नवा पट्टा आणि जाईबाईंचा धवला

मित्रांनो, मी तळवलीच्या मालतीबाईंच्या घरचा एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि आज मला आनंदाने गप्प बसवत नाही.

माझ्या पोटात एक रबरी पट्टा असतो. मोटार त्याला ओढते आणि तो रेकॉर्ड फिरवतो. तरुणपणी मी मांडवात वाजायचो. पण माझा खरा मान एकाच रेकॉर्डमुळे होता. मालतीबाईंची आई जाईबाई गावची धवलारीण. हळदीला धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, म्हणायचा मान तिचा. तिचा आवाज कुणा हौशी माणसाने एका रेकॉर्डवर उतरवून ठेवला होता. दुसरी प्रत नाही. पुढे जाईबाई गेली, माझा पट्टा सैल पडला, नवा कुठे मिळेना, आणि मी बावीस वर्षं माळ्यावर धूळ खात पडलो.

यंदा मालतीबाईंच्या नातीची, भाविकाची, हळद ठरली. पहिला धवला माझ्या आईचाच, असा मालतीबाईंनी हट्ट धरला. मला चादरीत गुंडाळून कामोठ्याला सुमय्याकडे नेलं. ती घरीच असे पट्टे बनवते. एक डोळा रबरावर, दुसरा दोन वर्षांच्या लेकीवर, हुदावर. रसायनाच्या बाटल्या फ्रिजच्या वर ठेवते, तरी दहादा बघते.

तिने माझा जुना पट्टा तीनदा मोजला, त्याच मापाच्या साच्यात रबर ओतलं. दुसऱ्या दिवशी मालतीबाई रेकॉर्ड घेऊन आल्या. सुई टेकली, रेकॉर्ड रेंगाळत फिरली आणि माझ्यातून पेंगुळलेल्या म्हाताऱ्या पुरुषासारखा घोगरा आवाज निघाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मालतीबाई म्हणाल्या, "ही माजी आय नाय."

हळद परवावर आलेली. सुमय्या रडवेली झाली. मालतीबाईंनी जुना पट्टा बोटांत ताणून पाहिला. मग समोर सारखी चड्डी वर ओढणाऱ्या हुदाकडे पाहिलं.

"पोरी, हिच्या चड्डीला नवीन इलास्टिक घालशील, तं जुन्या सैल झालेल्याच्या मापानं कापशील काय?"

सुमय्याने कपाळावर हात मारला. "आजी, मी त्याचं थकलेलं माप घेतलं."

मग तिने मोटारीपासून पट्ट्याच्या वाटेचा पूर्ण फेरा दोऱ्याने मोजला, दोरा थोडा आखूड कापला आणि त्या मापाचा नवा साचा केला. हळदीच्या सकाळी पट्टा बसला. काय सांगू मित्रांनो, अंगात कसा ताठा आला! मांडवात सुई टेकली आणि जाईबाई खणखणीत गायली. बायांनी आपोआप तिच्यामागे ओळ धरली. मालतीबाईंचा हळदीचा हात भाविकाच्या गालावर तसाच थांबला.

तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा त्याचं पोट उघडून बघा. आणि जपून वापरा. धवला संपल्यावर बाया परत लावा म्हणून मागे लागल्या, तेव्हा मालतीबाईंनी रेकॉर्ड दोन्ही हातांनी उचलून पाकिटात ठेवली.

"आय दमली आसल," त्या म्हणाल्या. "आता तुमी म्हना."